'लक्ष ठेवा' एवढं सोडून काहीही सांगा

पत्र : डॉक्टरबाई, मी निफाड तालुक्यात सतरा वर्षं अंगणवाडी सेविका आहे. गावाचं नाव छापू नका. वर्षभरात आमच्याकडे तीन गोष्टी घडल्या. मागच्या द्राक्षकाढणीच्या वेळी मळ्यात कामाला आलेल्या मजुराचं अडीच वर्षांचं मूल शेततळ्यात बुडून गेलं. जूनमध्ये एका मुलानं कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेलं फवारणीचं औषध प्यायलं, तो आठ दिवसांनी घरी आला. दिवाळीच्या आधी एका मुलीच्या अंगावर आंघोळीचं कढत पाणी सांडलं. ती वाचली, पण हात आखडलाय. ग्रामसभेत ठरलं की पालकांचं प्रबोधन करायचं, आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मागं एकदा बाहेरून पाहुणे आणून व्याख्यान ठेवलं होतं. बायका आल्या, 'मुलांकडे लक्ष द्या' ऐकलं, चहा घेतला आणि गेल्या. कुणाच्या घरातली एक बाटलीसुद्धा हलली नाही. म्हातारी माणसं म्हणतात, नशिबात होतं. बाकीचे म्हणतात, आईचंच लक्ष नव्हतं. ज्या बाईचं मूल गेलं ती यंदा पुन्हा त्याच मळ्यात कामाला आली आहे. तिला कार्यक्रमात चार शब्द बोलायला लावा, लोकांवर परिणाम होईल, असं सरपंच म्हणतात. मला ते बरोबर वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही. मी नक्की शिकवू काय आणि कसं?

ताई,

'चहा घेतला आणि गेल्या' हे वाचून आधी हसू आलं, मग लाज वाटली. तुमच्या गावात आलेली पाहुणी मी नसेन, पण दुसऱ्या कितीतरी गावांत ती मीच होते. तालुक्याच्या गावी मुलांची डॉक्टर म्हणून एकतीस वर्षं काढली. माईक हातात आला की 'आईनं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं पाहिजे' असं सांगायचं, आणि शाल-नारळ घेऊन घरी यायचं. ज्या बाईला मी हे सांगत होते तिच्या मागं चूल, गोठा, धुणं, पाणी, मळ्यातलं काम आणि कडेवरचं धाकटं होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

माझ्या घरातली गोष्ट सांगते. मुलगा दोन वर्षांचा होता. दिवाळीचं रंगकाम चाललेलं. ब्रश धुवायला आणलेलं टर्पेंटाइन मी स्वतः सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं. तो ते घोटभर प्यायला. सासूबाई मिठाचं पाणी घेऊन धावल्या, ओकारी काढायला. मी त्यांचा हात धरला, कारण असलं तेलकट द्रव्य उलटून वर आलं की थेट फुफ्फुसात उतरतं. तरी न्यूमोनिया झालाच. चार दिवस ऑक्सिजनवर होता. त्या चार दिवसांत मला एकानंही विचारलं नाही की डॉक्टरबाई, तुमचं लक्ष कुठं होतं? उलट सगळे म्हणाले, 'पोरं अशीच असतात हो.' पुढं महिनाभरात माझ्याच दवाखान्यात एक बाई आली. तिच्या मुलानं रॉकेल प्यायलं होतं. आणि मी तिला पहिला प्रश्न काय विचारला? 'लक्ष कुठं होतं तुमचं?' ती बाई पुन्हा माझ्याकडे आली नाही. मूल आजारी पडलं तरी आली नसेल. तो प्रश्न मला आजही टोचतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं : कार्यक्रमातून 'लक्ष ठेवा' हे शब्द काढून टाका. फलकावर नको, भाषणात नको, घोषणेत तर नकोच. त्या शब्दांनी आईला करण्यासारखं काही मिळत नाही, फक्त पुढं काही घडलं की दोष कुणाचा ते आधीच ठरून जातं. दोन वर्षांचं मूल नजरेआड व्हायला तव्यावरची भाकरी उलटायला लागतो तेवढाच वेळ पुरतो. बुडणारं मूल ओरडत नाही. या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असतं, त्यामुळं बादलीत वाकून पाहताना तोल गेला की वीतभर पाण्यातूनही त्याला मान वर काढता येत नाही. आवाजच होत नाही तर आईनं वळून पाहायचं कशासाठी? लक्ष तुटणारच, असं धरून चाला. तुटलं त्या वेळी मुलाच्या हाताला काय लागलं आणि पायाखाली काय आलं, एवढंच आपल्या हातात आहे.

हे माझं एकटीचं तत्त्वज्ञान नाही. १९७२ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यानं एक मोहीम काढली. तिच्या नावाचा अर्थ होता 'मुलांना उडता येत नाही'. उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुलं पडत होती, बहुतेक गरीब वस्त्यांतली. खात्याची माणसं घरोघरी गेली, आयांशी बोलली, पण नुसती बोलून परत आली नाहीत. ज्या घरात लहान मूल होतं तिथं खिडकीला बसवायचे गज फुकट दिले. ब्रॉंक्स भागात दोन वर्षांत पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. मग १९७६ मध्ये शहरानं नियम केला : घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल असेल तर गज बसवणं घरमालकाचं काम. आईचं नव्हे, मालकाचं. ही गोष्ट तुमच्या ग्रामसभेत सांगा, पुढं तिचा उपयोग आहे.

आता तुमच्या तीन घटनांकडे येते.

शेततळं. तुम्ही द्राक्षपट्ट्यातल्या आहात, म्हणजे हे मला सांगायला नको, पण ग्रामसभेत कुणीतरी मोठ्यानं बोललं पाहिजे. जुन्या विहिरीला कठडा असायचा, पायऱ्या असायच्या, आत हाताला लागणारा दगड असायचा. शेततळ्याला यातलं काही नाही. सगळीकडून उतार, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्या कागदावर शेवाळ. पट्टीचा पोहणारा गडीही त्यावरून वर येऊ शकत नाही, पाय घसरत राहतो. म्हणूनच अशा बातमीत पुष्कळदा दोन नावं असतात, एक मुलाचं आणि एक त्याला काढायला उडी टाकणाऱ्याचं.

यावर इलाज महाग नाहीत. चारही बाजूंनी काठावर खुंट ठोकायचा, त्याला जाड दोर बांधून तो कागदावरून थेट तळापर्यंत सोडायचा. दोराला ट्रॅक्टरचे जुने टायर ओवले तर शिडीच होते. काठावर खायच्या तेलाचा रिकामा, बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा डबा दोरीला बांधून ठेवायचा, बुडणाऱ्याकडे फेकायला. (फवारणीच्या औषधाचा डबा घेऊ नका. तो धुऊनही वापरायचा नसतो.) आणि कुंपण जाळीचं हवं. तीन तारा ओढून केलेल्या कुंपणाखालून अडीच वर्षांचं मूल न वाकताही जातं. फाटकाला कडी वरच्या अंगाला, मुलाचा हात पोचणार नाही अशी.

दोर आणि टायर बुडणाऱ्या मोठ्या माणसाला आणि जाणत्या पोराला वाचवतात. दोन वर्षांच्या मुलाला वाचवतं ते कुंपणच. त्यामुळं 'दोर लावला, झालं' असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका.

आणि एक फुकटातली गोष्ट. मजुरांचं शेड कुठं घालायचं, हे मालक ठरवतो. पाणी जवळ पडावं म्हणून ते बहुतेक वेळा तळ्याच्या बांधालाच असतं. ते मळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं तर मालकाचा एक रुपया खर्च होत नाही.

आता मला तुमच्या योजनेतली खरी अडचण दिसते, ती सांगते. तुम्ही सभा कुणाची घेणार? अंगणवाडीत, दुपारी, गावातल्या बायकांची. तळं कुणाचं? पुरुषाचं. औषधाची बाटली घरात कोण आणतं? पुरुष. ट्रॅक्टर मागं घेताना चाकाशी पोर आहे का हे पाहायचं कुणी? चालवणाऱ्यानं. आणि गेलेलं मूल कुणाचं होतं? पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या कुटुंबाचं असेल, असा माझा अंदाज आहे. त्यांची आई तुमच्या सभेला येणार नाही, कारण त्या वेळी ती मळ्यात असते आणि तिचं नाव तुमच्या नोंदवहीतही नसेल. म्हणजे ज्यांच्या हातात बदल करणं आहे ते सभेत नाहीत, आणि ज्यांच्या मुलांना सगळ्यात जास्त धोका आहे तेही नाहीत. मधल्या बायकांनी चहा घेऊन घरी जाणं अगदी साहजिक होतं.

म्हणून सभा नंतर, आधी नकाशा. पाच-सहा बायका आणि शाळेतली चार मोठी पोरं घ्या. अंगणवाडीच्या ओसरीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढा : रस्ता, देऊळ, ओढा, वस्त्या. मग विचारा, 'आपल्या पोराला कुठं कुठं लागलंय?' मेलं का, असं विचारू नका. लागलं, पडलं, भाजलं, प्यायलं, अडकलं, थोडक्यात वाचलं, सगळं येऊ द्या. प्रत्येक गोष्टीला त्या जागी एक चिंचोका ठेवा. तासाभरात चिंचोक्यांचे ढीग दिसतील, कुठं चार, कुठं अकरा. तुमच्या गावात ते कुठं पडतील हे मला माहीत नाही, आणि म्हणूनच हा खेळ खेळायचा. बाहेरची पाहुणी तिच्या गावचे धोके सांगून जाते. पोरांना बोलवाच, कारण उघड्या टाकीचं झाकण कुठं फुटलंय आणि कुठल्या विजेच्या डीपीचं दार उघडं असतं हे मोठ्यांपेक्षा त्यांना ठाऊक असतं. (खेळ संपला की चिंचोके मोजून परत डब्यात घाला. याचं कारण पुढं सांगते.)

या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो घेऊन ग्रामसभेत जा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च करावा लागतो. तो पैसा बऱ्याच ठिकाणी कशावर जातो ते तुम्ही पाहिलं असेल. सार्वजनिक टाकीचं झाकण, गावतळ्याची जाळी यासाठी तो मागा. खासगी शेततळ्यांचं काम मालकांकडून. तिथं न्यूयॉर्कची गोष्ट सांगा, आणि एकेकाला एकट्यात गाठू नका. द्राक्षवाले सगळे सोसायटीत किंवा गटात एकत्र बसतात, तिथं जा. एकानं जाळी मारली की दुसऱ्याला न मारणं जड जातं, हे गावात राहणाऱ्याला मी काय सांगणार.

बांगलादेशातली एक गोष्टही तुमच्या कामाची आहे. तिथं घराच्या अंगणालाच तळी. पाहणी केली तेव्हा दिसलं की लहान मुलं बुडतात ती बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एकच्या मध्ये, आई कामाच्या घाईत असते तेव्हा. त्यांनी वस्तीतल्याच एका बाईला थोडं शिकवलं, तिच्या घरी वीस-पंचवीस मुलं याच चार तासांसाठी बसवली. या जागेला नाव दिलं 'आंचल', म्हणजे पदर. जी मुलं तिथं बसली त्यांच्यात बुडण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलं. सुंदरबनात आपल्याकडेही तसं काम सुरू झालं आहे. तुमची अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढची मुलं घेते. एक ते तीनमधलं, म्हणजे चालायला लागलेलं पण कळायला न लागलेलं मूल कुठंच नसतं, ते मळ्यात झोळीत नाहीतर झोळीखाली असतं. काढणीच्या दोन-तीन महिन्यांपुरती पाच मालकांनी मिळून एका बाईची हजेरी दिली, आणि तिनं सावलीत, तळ्यापासून लांब, ती पोरं सांभाळली, तर मालकांना हे परवडतं. मजूर बाईचं कामही नीट होतं, हे त्यांना हळूच सांगा. त्याच कारणासाठी ते तयार होतील. झाले तर होऊ द्या. केंद्राच्या पाळणाघराच्या योजनेतून अंगणवाडीला काही मिळतं का, ते तुमच्या मुख्यसेविकेला विचारून ठेवा, पण त्यासाठी थांबू नका.

गरम पाणी. इथं मात्र बायकांची सभा कामाची, सासवांना धरून. सासू आली नाही तर घरात काही बदलत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त अनुभवलं असेल. सांगायची गोष्ट एकच, पण ती करून दाखवा : बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आपण नेमकं उलटं करतो. कढत पाणी ओतून ठेवतो आणि गार आणायला जातो, आणि तेवढ्यात पोर बादलीशी पोचतं. साठ अंश सेल्सियसच्या पाण्यानं मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, मुलाची त्याहूनही लवकर. सोलरचं पाणी उन्हाळ्यात याच्या वर जातं, तेव्हा नळाखाली मुलाला थेट धरू नका. पाण्याच्या रॉडचं तर मला नावसुद्धा नको वाटतं. बादली जमिनीवर, वायर लोंबती, आत वीज आणि बाहेर कुतूहलानं वाकलेलं पोर. तो वापरायचाच असेल तर दार लावून, उंच कट्ट्यावर, आणि बटण बंद करून मगच बाहेर काढायचा.

भाजल्यावर काय करायचं, हा भाग तुमच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त गाजेल, कारण इथं प्रत्येकीकडे स्वतःचं औषध असतं. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, किसलेला बटाटा. आमच्याकडे यायची मुलं अशी रंगीत होऊन यायची की आधी ते खरवडून काढावं लागे, आणि त्याबरोबर कातडी यायची. साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही. भाजल्या जागेवरचे कपडे, बांगड्या, गळ्यातलं काढून टाका, पण चिकटलेलं कापड ओढू नका. मग स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखाना. वीस मिनिटं हे सांगून पटत नाही. सभेत खरंच एकीचा हात नळाखाली धरा आणि बाकीच्यांशी गप्पा मारा. वीस मिनिटं किती लांब असतात ते त्यांना तेव्हा कळेल. आपल्याकडे दोन मिनिटांत 'झालं आता' म्हणतात. अंगाचा मोठा भाग भाजला असेल, मूल अगदी तान्हं असेल, तर थंडीनं गारठू देऊ नका, बाकीचं अंग झाकून ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा.

बाटली. माझ्या टर्पेंटाइनची गोष्ट तुम्ही सभेत सांगू शकता. डॉक्टरणीच्या घरीही असं होतं, हे ऐकलं की बायका बोलायला लागतात, हा माझा अनुभव आहे. इथं नियम असा : जे खायचं-प्यायचं नाही ते खायच्या-प्यायच्या भांड्यात कधीच जाणार नाही. थंड पेयाची बाटली, सरबताची बाटली, चहाचा कप, लोणच्याची बरणी, काही नाही. फवारणीचं उरलेलं औषध, छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या डोळ्यांना लावायच्या पेस्टचं उरलेलं पाणी, फिनेल, ॲसिड, उंदराचं औषध, सगळं मूळ डब्यात आणि कुलपात. घरात कुलपाची जागा नसेल तर मळ्यातल्या खोलीत पत्र्याची जुनी पेटी ठेवा. मुलानं यातलं काही घेतलंच तर ओकारी काढू नका, मीठ-पाणी नाही, दूध नाही, अंड्याचा बलक नाही. मूल घ्या, बाटली बरोबर घ्या, निघा. डॉक्टरला घाबरलेल्या आईपेक्षा बाटलीवरची चिठ्ठी जास्त माहिती देते. हा नियम बायकांना सांगाच, पण फवारणीच्या औषधाच्या दुकानदाराकडून गड्यांनाही सांगायला लावा. सुटं औषध बाटलीत ओतून देणं त्यानं बंद केलं तर निम्मं काम झालं.

आता चिंचोके. माझ्या कारकिर्दीत मुलांच्या श्वासनळीतून काढलेल्या वस्तूंचा एक डबा भरला असता : शेंगदाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, हरभरे, मणी. यातल्या बिया आत ओल धरून फुगतात. खाता खाता ठसका लागला, मग थांबला, आणि नंतर आठ दिवस खोकला जात नाही, अशा मुलाच्या छातीचा फोटो काढायला सांगा. पाच वर्षांखाली अख्खे शेंगदाणे नको, कूट द्या. धावत-हसत असलेल्या मुलाच्या तोंडात घास भरू नका. मूल गुदमरलं तर पाठीत आणि पोटावर कसे दाब द्यायचे, तान्ह्याला कसं उपडं धरायचं, बुडालेल्या मुलाला तोंडानं श्वास आणि छातीवर दाब कसा द्यायचा, हे मी पत्रात लिहिणार नाही. ते बाहुलीवर हात ठेवून शिकायचं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला किंवा १०८ च्या गाडीवरच्या डॉक्टरला बोलवा. भाषण करू देऊ नका, बाहुली घेऊनच यायला सांगा. बुडालेल्याला उलटं टांगून फिरवणं आणि पोट दाबून पाणी काढणं यात जी मिनिटं जातात तीच त्याला वाचवायची असतात, एवढं मात्र आजच सगळ्यांना सांगा.

विंचू-सापाचं तुमच्याकडे वेगळं सांगायला नको. पण जमिनीवर झोपणाऱ्या मजुरांच्या मुलांना मच्छरदाणी गादीखाली खोचून द्या. मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश दिसतही नाही. विंचवाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून मुलं वाचायला लागली, पण ती दवाखान्यात पोचली तर. मांत्रिकाकडे गेलेले तास परत मिळत नाहीत.

दुचाकीबद्दल एकच. चार वर्षांखालच्या मुलाला मागं बसवताना चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा आणि मुलाला हेल्मेट हे फेब्रुवारी २०२३ पासून कायद्यात आहे, आणि वेग ताशी ४० च्या आत. गाडीच्या पेट्रोल टाकीवर उभं केलेलं पोर पाहून सगळ्यांना कौतुक वाटतं. मला त्याचा जबडा दिसतो. असो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, म्हणजे पत्रातला खरा प्रश्न.

त्या आईला व्यासपीठावर बोलवू नका. सरपंचांचा हेतू वाईट नसेल, पण काय होईल ते बघा. ती रडेल, बायका रडतील, आणि प्रत्येकीच्या मनात हळूच येईल की मी अशी नाही, माझं लक्ष असतं. म्हणजे ज्या समजुतीपासून तुम्ही गावाला सोडवायला निघालात तीच घट्ट होईल, आणि किंमत त्या बाईनं मोजलेली असेल. शिवाय ती 'नाही' म्हणू शकत नाही. तळं ज्याचं आहे त्याच्याच मळ्यात ती हजेरीवर आहे. विचारणारा सरपंच आहे. तुम्हाला बरोबर वाटत नव्हतं ते याच कारणानं असावं.

तिच्याकडे जा मात्र जरूर. संध्याकाळी, काम सुटल्यावर, एकटीच. त्या दिवशी काय झालं, हे विचारू नका. ते तिला सगळ्यांनी विचारून झालंय. पोलिसांनीही विचारलं असेल. तिची बाकीची मुलं कुठं आहेत, दिवसभर कुणाजवळ असतात, अंगणवाडीत पाठवता का, खाऊ मिळतो का, एवढं विचारा. धाकटं कुणी असेल तर त्याचं वजन करा. ती बोलली तर ऐका. न बोलली तर चहा घ्या आणि या. (हा चहा वेगळा.) शेडपासून तळ्यापर्यंत मूल कुठून गेलं, कुंपण कुठं तुटलं होतं, बांध कुठं बसका आहे, हे त्या मळ्यात तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. तिनं आपण होऊन सांगितलं तर रांगोळीच्या नकाशावर त्या जागी तुम्ही चिंचोका ठेवा. कुणी सांगितलं, हे सांगू नका.

आणि त्या मालकाकडेही जा. तोही रात्री झोपत नसेल, असं मला वाटतं, निदान मी तसं धरून चालते. त्याच्याशी बोलताना 'तुमच्या तळ्यात' म्हणू नका, 'गावातली तळी' म्हणा. पहिली जाळी त्यानं मारली तर फार बरं होईल, आणि न मारली तर दुसऱ्या कुणाच्या तळ्यापासून सुरू करा.

काढणी एप्रिलपर्यंत चालेल. तोवर व्याख्यान, फलक, घोषवाक्य स्पर्धा, सगळं बाजूला राहू द्या, आणि या आठवड्यात एका तरी तळ्याला दोर पडू द्या. जाळीला वेळ लागेल, दोराला एक दुपार पुरते. नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड घ्या, आणि दर हातभर अंतरावर गाठ मारायला सांगा. ओल्या हातातून गुळगुळीत दोर निसटतो.

तुमची,
डॉक्टरबाई